उरवडेकरांच्या खोलीतला पाहुणा

पुण्यात गंज पेठेत, लाकडाच्या एका वखारीच्या माडीवर, उरवडे गावाची खोली होती. ती कुणा एकाची नव्हती, गावाची होती. गावातल्या तेरा घरांनी मिळून ती फार पूर्वी भाड्याने घेतली होती आणि प्रत्येक घराच्या एका माणसाला तिथे राहता येई. कुणी मंडईत हमाली करी, कुणी छापखान्यात कागद वाही, कुणी दवाखान्यात शिपाई होता. शनिवारी निम्मे आळीपाळीने गावाकडे यायचे आणि सोमवारी भल्या पहाटे पिरंगुटला एस.टी. गाठून परत जायचे. एक ट्रंक, भिंतीतली एक खुंटी आणि साडेतीन हात जागा, एवढेच तिथे प्रत्येकाचे असे.

कोंडाजी या खोलीत अकरा वर्षे राहिला. त्याची ट्रंक होती, पण खुंटी नव्हती. सदरा तो दाराच्या कडीला अडकवायचा. कुणाला दार लावायचे झाले तर आधी तो सदरा काढून कोंडाजीच्या हातात द्यावा लागे.

त्याची माझी ओळख माझ्या मुलामुळे झाली. माझे यजमान उरवड्याच्या शाळेत मास्तर होते. सत्तावन्न साली आमचा थोरला पुण्याला कॉलेजात गेला. कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही, आणि मिळती तरी ती आम्हाला परवडली नसती. तेव्हा गावानेच सुचवले की मुलाला आपल्या खोलीत ठेवा. आम्ही गावचे नव्हतो, शाळेशेजारच्या दोन खणांत भाड्याने राहत होतो. पण खोलीचा कारभार पाहणारे हैबतराव म्हणाले, "भाड्याचा का असंना, उंबरा हाय न्हवं? मग वार बी हाय."

हा वार म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. खोलीत दाराशी एक पाटी टांगलेली होती. तिच्यावर आठवड्याचे सात वार आणि प्रत्येक वारापुढे दोन घरांची नावे. ज्या घराचा वार, त्या घराच्या माणसाने पहाटे नळ यायच्या वेळी उठून पाणी भरायचे, चूल पेटवायची, आमटी-भात करायचा, केर काढायचा. भाकरी गावाहून यायच्या. रोज सकाळच्या एस.टी.त पिरंगुटला फडकी चढवली जायची आणि पुण्याच्या स्टँडवर खोलीतला कुणीतरी ती उतरवून घ्यायचा. गुरुवारपुढे एकच नाव होते. तिथे आमच्या घराचे नाव लागले, पण तोवर गुरुवार सांभाळणारे कुटुंब मुंबईला गेले, म्हणून तिथे पुन्हा एकच नाव उरले, आमचे.

माझ्या मुलाने त्याआधी कधी भाताला पाणी किती घालायचे हेही पाहिले नव्हते. तो गेल्यापासून मला दर गुरुवारी सकाळी चूल पेटवताना हात जड व्हायचा. पत्रात तो लिही, "गुरुवार ठीक पार पडला." एवढ्या वाक्यावर एखाद्या आईचे समाधान कसे होणार?

अठ्ठावन्न सालच्या फेब्रुवारीत त्याचे पत्र आले की ताप येऊन गेला, आता बरा आहे. पत्र मंगळवारी आले आणि बुधवारी पहिल्या गाडीने मी निघाले. बायकांनी माडीवर जायचे नाही असा काही नियम नव्हता, पण कुणी जात नसे. मी गेले. खोलीत एकच माणूस होता. चाळिशीला आलेला, रुंद खांद्यांचा, भिंतीला टेकून सुतळीने चप्पल शिवत बसलेला. मी कोण ते सांगितल्यावर तो उठून उभा राहिला.

"पोरगं कालेजात गेलंय. ताप उतरला त्याचा. बसा बाई."

त्याने तांब्याभर पाणी दिले. घोंगडी झटकून अंथरली. मग चुलीकडे पाहून म्हणाला, "च्या केला असता. पर चूल आज बहिरूची हाय. त्यो सांजचा येतुया."

"तुम्हाला येत नाही का करायला?"

"येतंय की. पर मी हितं पाव्हना हाय."

"कधी आलात?"

त्याने बोटांवर हिशेब केला. "सेहेचाळीसच्या दिवाळीत."

मला वाटले, थट्टा करतो आहे. पण तसे काही दिसले नाही. नाव विचारले, तर कोंडाजी म्हणाला. मी पाटी पाहिली. तेरा नावे होती, त्यात याचे नाव नव्हते. त्याची वळकटी कुठे आहे असे विचारले तर त्याने दाराशी बोट दाखवले. तिच्या शेजारीच माझ्या मुलाची ट्रंक होती. म्हणजे ज्याचे नाव पाटीवर नाही, ज्याला गावाने ठेवले नाही, असा एक माणूस माझ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या उशाशी झोपत होता. मुलगा संध्याकाळी भेटला, तो बरा दिसत होता, पण मला घाईने परतीची गाडी गाठायची होती आणि खोलीत तोवर चार माणसे आली होती. त्यांच्यासमोर मला काही विचारता आले नाही.

चार दिवसांनी हैबतराव यजमानांकडून एक कागद वाचून घ्यायला शाळेत आले. मी त्यांना ओसरीवरच गाठले.

"हैबतराव, खोलीत तो कोंडाजी म्हणून कोण आहे? पाटीवर त्याचं नाव नाही."

हैबतरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आजून हाय व्हय त्यो तितं?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठावं व्हतं बाई. पर कुनी इचारलं नव्हतं."

हीच माझी चूक. मी विचारायला नको होते, किंवा विचारायचे तर आधी मुलाला विचारायला हवे होते. अकरा वर्षे सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट मी विचारल्याबरोबर एक प्रश्न होऊन बसली, आणि प्रश्न म्हटला की गावाला निकाल द्यावा लागतो.

होळीला मुलगा घरी आला तेव्हा बाकीचे मला कळले, आणि ते ऐकताना माझ्या हातातले पीठ हातातच राहिले.

कोंडाजी मूळचा वळकुंडीचा. मुळशीच्या धरणात जी गावे गेली त्यातले हे एक लहानसे गाव. पाणी चढले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. बाप त्या धावपळीत वारला. आई त्याला घेऊन माहेरी, उरवड्याला भावाकडे आली आणि तिथेच गोठ्याशेजारच्या पडवीत राहिली. मामा गेणबा भला माणूस होता. त्याने भाच्याला स्वतःच्या पोरासारखे वाढवले, पण भाचा तो भाचा. मामा गेला, आई गेली, मामाचा मुलगा नथू कर्ता झाला. गेणबाच्या उंबऱ्याचा खोलीतला हक्क नथूकडे गेला आणि कोंडाजी त्याच्याबरोबर "वखारीत काम मिळतंय का बघतो" म्हणून आला. खालच्याच वखारीत त्याला ओंडके उतरवायचे काम मिळाले. राहायचे कुठे, तर दुसरी जागा मिळेपर्यंत वरच पाहुणा म्हणून. ती दुसरी जागा त्याने शोधली नाही आणि शोध असे त्याला कुणी म्हटलेही नाही.

पाहुण्याचे नियम खोलीने फार काटेकोर पाळले. पाहुण्याला वार नसतो, म्हणून त्याने चूल पेटवायची नाही. पाहुण्याच्या घरून फडके येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या फडक्यातली एक चतकोर भाकरी त्याला. पाहुण्याने आधी जेवायचे. रोज संध्याकाळी तेरा भुकेले पुरुष भिंतीशी बसून राहत आणि कोंडाजी एकटा पानावर बसे, कारण पाहुण्याच्या आधी घास घेणे बरे दिसत नाही. मुलगा सांगत होता, "आई, तो इतका भरभर जेवतो की बघवत नाही. पोट भरलं म्हणून उठतो आणि मग सगळे बसले की कोपऱ्यात राहिलेली चतकोर चावतो."

कुणी आजारी पडले, कुणाला गावी थांबावे लागले, तर मात्र त्याचा वार बदलीने कोंडाजी करी. बदलीला हरकत नव्हती, कारण वार त्या घराच्याच नावावर जायचा. मुलाने हिशेब केला होता. महिन्यातले दहा-बारा दिवस तरी चूल कोंडाजीच पेटवायचा, कधी बहिरूच्या नावाने, कधी नथूच्या.

"आणि गुरुवारी?" मी विचारले.

मुलगा म्हणाला, "मला भात अजून नीट जमत नाही. मी पाणी भरतो, तो चूल बघतो. तापात त्यानंच पेज करून दिली. दोन दिवस वखारीत गेला नाही. तू आलीस त्या दिवशी मी तापानंतर पहिल्यांदाच कॉलेजात गेलो होतो, पुन्हा ताप चढला तर म्हणून तो घरी थांबला होता."

चैत्रात भैरवनाथाची जत्रा झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओसरीवर गावकी बसली. यजमान कागद लिहायला होते. मी आत, दाराआड उभी होते. बोलावले असते तर बाहेर गेले असते, पण बायकांना बोलावण्याची तेव्हा रीत नव्हती.

हैबतराव कोंडाजीशी फार नीट बोलले. "तुज्यावर कुनाचा राग न्हाई, कोंडाजी. पर मास्तरीणबाईंनी इचारलं, तवा जाब द्याय पायजे. उद्या दुसऱ्या गावचा कुनी वळकटी घिऊन आला आन् म्हनला मी बी पाव्हना, तर त्याला काय सांगायचं?"

"खरं हाय," कोंडाजी म्हणाला.

"उंबरा न्हाई तर वार न्हाई. वार न्हाई तर जागा न्हाई. मिरगाच्या आत दुसरीकडं बघ. पुन्यात खोल्या काय कमी हायेत?"

"खोल्या हायेत. पर तितं मी कोन म्हनून ऱ्हाऊ?"

हैबतरावांनी यजमानांकडे पाहिले. मग कोंडाजी म्हणाला, "आन् उंबरा हाय मला."

"कुटं?"

"वळकुंडीला."

भिकू म्हणून एक चावट माणूस होता. तो म्हणाला, "पान्यात हाय व्हय? मग माशास्नी इचारा, कुनाचा वार हाय आज." ओसरीवर हशा झाला.

"वैशाखात पानी उतारतंय," कोंडाजी म्हणाला. "उघडा पडतोय. मी दर साली बघून येतो."

"आरं पर गाव दुसरं," हैबतराव म्हणाले. "तितला उंबरा हितं कसा धरायचा?"

"मंग उचलून आना की हितं," भिकू म्हणाला, आणि पुन्हा हसू उसळले.

कोंडाजी मात्र हसला नाही. त्याने हैबतरावांना विचारले, "आनला तर चाललं का?"

हैबतराव नियमाचे माणूस. नियमाबाहेर ते कधी गेले नाहीत आणि नियमाच्या आत जे बसते त्याला नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी यजमानांना विचारले, "मास्तर, कागदात काय लिव्हलंय?"

खोली घेताना लिहिलेला जुना कागद होता. यजमानांनी तो वाचला. "गावातील दर उंबऱ्यास एक माणूस."

"घराला न्हाई म्हनलेलं?"

"नाही. उंबऱ्यास."

हैबतरावांनी ती ओळ पुन्हा वाचून घेतली. "गावच्या जमिनीत बसवला तर उंबराच म्हनावा लागंल," ते शेवटी म्हणाले. "पर कुनाचाबी धोंडा उचलून आनशील तर न्हाई चालायचं. तुज्याच दाराचा हाय, हे बघून येऊ. वळखनारं मानूस पायजे."

ओळखणारे माणूस सगळ्या गावात एकच उरले होते. ती म्हणजे सारजाबाई, गेणबाची बायको, नथूची आई, कोंडाजीची मामी. नवी नवरी असताना ती नणंदेच्या घरी वळकुंडीला जाऊन आलेली होती. तिला विचारायला मीच गेले. एवढे तरी मी करणे भाग होते. ती गोवऱ्या थापत होती. सगळे ऐकून म्हणाली, "येते की. धरन झाल्यापासनं म्या बघितलंच न्हाई ते. पर तुमी बी चला बाई. बाप्यांच्यात एकली काय करू?"

वैशाखात, मे महिन्याच्या सुरुवातीला आम्ही गेलो. भिकूने बैलगाडी आदल्या दिवशीच पुढे नेली होती, पहारी आणि दोर घेऊन. थट्टा त्याने केली होती, म्हणून गाडी त्याची, असे गावाने ठरवून टाकले होते. हैबतराव, यजमान, सारजाबाई, कोंडाजी आणि मी पौडपर्यंत एस.टी.ने आणि पुढे खडी वाहणाऱ्या एका ट्रकमधून धरणापर्यंत गेलो. तिथून काठाकाठाने दीड-दोन तास चाललो.

पाणी खूप खाली गेले होते. जिथून गेले होते तिथे राखाडी चिखल वाळून भेगाळला होता आणि भेगांमधून कोवळे गवत आले होते. एक धनगर मेंढ्या चारत होता. त्याने कोंडाजीला लांबूनच हात केला, तो त्याला दर वर्षी पाहत असावा. गाव म्हणजे जोत्यांच्या ओळी. भिंती नव्हत्या, कुठे पायऱ्या होत्या, कुठे जात्याची तळी. ज्याला ठाऊक नाही त्याला ते एखादे अर्धवट सोडलेले बांधकाम वाटले असते.

कोंडाजी कुठे न थांबता सरळ एका जोत्यापाशी गेला. तिथे चार-साडेचार फुटांचा काळा दगडी उंबरा होता, मधोमध पावलांनी झिजून खोल झालेला. त्याच्या दोन्ही टोकांना दाराची खुंटी फिरायच्या खाचा होत्या. त्याने ओंजळीने त्याच्यावरचा वाळला चिखल काढला.

"मामी, ह्योच न्हवं?"

सारजाबाईने पदर कपाळावर ओढून उन्हाला आडोसा केला. ती आधी त्या उंबऱ्याकडे पाहत नव्हती. ती शेजारच्या जोत्याकडे पाहत होती, खूप लहान, सात-आठ हातांचे, ज्याच्या तोंडाशी काहीच नव्हते. मग तिने हैबतरावांकडे पाहिले.

"ह्योच," ती म्हणाली. "ह्याच्यावं हुबं करून वन्संनी माजी वटी भरली व्हती."

"नक्की? चाळीस वर्सं झाली," हैबतराव म्हणाले.

"तुमच्या लग्नाला बी चाळीस झाली. बायकू वळखता का न्हाई?"

भिकू मोठ्याने हसला. हैबतरावांनी यजमानांना खूण केली. त्यांनी फीत लावून लांबी, रुंदी आणि उंची मोजली, कागदावर लिहिली आणि सारजाबाईचा अंगठा घेतला.

तिघे पुरुष आणि कोंडाजी पहारी लावायला लागले, तेव्हा आम्ही दोघी एका पायरीवर बसलो. सारजाबाई पायातला काटा काढता काढता मला हळू म्हणाली, "त्यांच्या दाराला लाकूड व्हतं बाई. गरिबाचं घर. दगडाचा उंबरा कुटनं आनायचा. ह्यो शेजारच्या मोठ्या घराचा हाय. पोरगं पाच वर्साचं व्हतं, त्याला काय याद. ह्याच्यावं खेळत आसंल, म्हनून त्याला आपला वाटतोय."

दोन महिन्यांपूर्वी पाटीवर एक नाव नाही म्हणून मी एका माणसाची जागा धोक्यात आणली होती.

"तुमी कुटं बोलायच्या न्हाई न्हवं?" तिने विचारले.

मी नाही म्हटले, आणि बोलले नाही. आज लिहिते आहे, कारण सारजाबाईनेच पुढे सहा वर्षांनी, अंथरुणाला खिळली तेव्हा, कोंडाजीला स्वतः सांगितले. मी तेव्हा तिच्या उशाशी होते. तो म्हणाला, "व्हय मामी. पर दगड लई चांगला हाय." त्याला आधीपासून ठाऊक होते की नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

दगड गाडीत चढवायला दुपार झाली. गाडी गावात पोहोचायला दोन दिवस लागले आणि कोंडाजी दोन्ही दिवस तिच्यामागून चालत आला. गावात आल्यावर नवीनच अडचण निघाली. दगड बसवायचा कुठे? मामाच्या घराशिवाय त्याला दुसरी जागा नव्हती आणि नथू वाटेतच आडवा उभा होता.

"आज दगड बसवतोय, उद्या घर बांधंल, परवा वाटनी मागंल," नथू म्हणाला. "मी गप बसलो, म्हनून काय झालं? अकरा वर्सं माज्या फडक्यातली भाकर खातोय."

त्याचे बोलणे वाईट वाटले तरी ते खोटे नव्हते. जमीन थोडी, घरात खाणारी तोंडे सात. कोंडाजी दगडाचा दोर सोडवत राहिला. बैल सोडून भिकू तंबाखू मळत बसला.

सारजाबाई आतून आली. "गोठ्यामागं माजं शेनकूट हाय," ती म्हणाली. "तितं चार हात जागा हाय. तुजी आत्या, त्याची आई, तितंच पडवीत बारा वर्सं निजली. तितं बसवा. आन् तुला वाटनीचं भ्या आसंल, तर शेनकुटाची वाटनी दे त्याला. मी तरी कुटवर थापू?"

नथूला हसू आले, ते त्याने दाबले. तरी तो म्हणाला, "कागद पायजे."

यजमानांनी तिथेच कागद केला. उंबऱ्याच्या लांबी-रुंदीइतकी जागा, तिच्यावर घर बांधायचे नाही, जमिनीत वाटा मागायचा नाही. कोंडाजीने अंगठा उठवला. शाई पुसता पुसता त्याने विचारले, "उंबऱ्यावं बसता यील न्हवं?"

"बस की," नथू म्हणाला. "बसायला कोन न्हाई म्हनतंय?"

गोठ्यामागे खड्डा घेतला, मुरूम घालून दगड पातळीत बसवला. मागे भिंत नाही, पुढे अंगण नाही, दोन्ही बाजूंना गोवऱ्यांची रास. सारजाबाईने त्याला हळदकुंकू वाहिले. हैबतरावांनी खाली वाकून तळहात ठेवून पाहिला, हलतो की काय ते. हलत नव्हता.

"एक उंबरा वाढला," ते म्हणाले. "मास्तर, लिव्हून घ्या."

जूनमध्ये कॉलेज सुरू झाले. मुलगा परत गेला तेव्हा त्याच्या हाती यजमानांनी चिठ्ठी दिली होती. त्याने खडूने गुरुवारपुढे दुसरे नाव लिहिले: कोंडाजी. अक्षर मोठे आले म्हणून ते थोडे पाटीच्या चौकटीवर गेले. कोंडाजीला वाचता येत नव्हते. त्याने "ह्ये व्हय?" असे विचारून खात्री केली आणि वखारीतून एक खुंटी आणून भिंतीत ठोकली. ठोकताना खालच्या वखारवाल्याने वर येऊन भिंत पाडता काय असे विचारले. सदरा दाराच्या कडीवरून निघाला.

मी मात्र त्या आठवड्यात निश्चिंत नव्हते. आता कोंडाजी पाहुणा राहिला नाही, म्हणजे मुलाच्या गुरुवारचा अर्धा भार हक्काने त्याच्यावर, हे खरे. पण ज्याच्याविषयी मी तक्रार केली, त्याच्याच बरोबर माझा मुलगा चुलीपाशी बसणार होता. मी काय विचारले होते ते त्याला ठाऊक होते. ओसरीवर सगळ्यांसमोर माझे नाव निघाले होते. त्याने मुलाला काही म्हटले असते तर मी त्याला दोष दिला नसता. मी मुलाला लिहिले की पहिला गुरुवार कसा गेला ते सविस्तर कळव, "ठीक पार पडला" असे लिहू नकोस.

त्याचे पत्र सोमवारी आले. ते अजून माझ्याकडे आहे.

त्याने लिहिले होते की अकरा वर्षांत दुसऱ्यांच्या नावाने शेकडो वेळा पहाटे उठलेला कोंडाजी स्वतःच्या पहिल्या वाराला झोपून राहिला. आदल्या दिवशी वखारीत सागवानाचे दोन ट्रक आले होते. मुलगाही त्याच्या भरवशावर झोपला. नळ पावणेपाचला यायचा आणि सहाला जायचा. साडेपाचला नथूला जाग आली आणि हंडे रिकामे दिसले. एरवी सगळे त्याला "पाव्हनं, उठता का" असे म्हणत. नथू त्याच्या अंथरुणाला पाय लावून ओरडला, "ए कोंड्या, ऊठ. वार तुजा आन् झोपतुयास काय? नळ चालला."

कोंडाजी धडपडून उठला, तांब्यावर पडला, हंडा घेऊन जिन्यावरून पळाला. तोवर नळापुढे शेजारच्या चाळीची रांग लागली होती. एक हंडा आणि एक बादली, एवढेच पाणी मिळाले. आमटी पातळ झाली, भात खाली लागला. चौदा माणसांनी एका बादलीत तोंडे धुतली. बहिरू बोलला, भिकूचा भाऊ बोलला, नथू तर संध्याकाळपर्यंत बोलत होता. कोंडाजी मान खाली घालून सगळ्यांचे ऐकून घेत होता आणि करपलेले भांडे राखेने घासत होता.

"सगळे बोलले," मुलाने शेवटी लिहिले होते, "तेव्हा मीही बोललो. तो म्हणाला, बोल बाबा, तुजा बी वार हाय."